उखळावरची लादी

माझ्या जावेच्या घरात नवी लादी बसली त्या दिवशी मी दुपारी जेवले नाही. पोट बरे नाही असे सुनेला सांगितले. पोट चांगले होते. जे बघून आले होते ते घशाखाली उतरत नव्हते.

आमचे घर उमेळ्यात. सासऱ्यांनी बांधले तेव्हा एकच होते. ते गेल्यावर दोघा भावांनी मधे विटांची भिंत घातली. रस्त्याकडचा भाग थोरल्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, आणि विहिरीकडचा धाकट्याला. हंडे, पाट, कोयते, सगळ्याच्या वाटण्या झाल्या. शेवटी राहिले उखळ आणि मुसळ. उखळ दगडाचे, ओटीच्या जमिनीत पुरलेले, नुसते तोंड वर दिसते. ते काही निघेना. ओटी माझ्या वाटणीला आली म्हणून उखळ माझे झाले. तर धाकट्याची बायको म्हणाली, उखळ त्यांना तर मुसळ आम्हाला. सासरे असते तर हसले असते, पण वाटणीच्या दिवशी कोणी हसत नाही. मुसळ भिंतीपलीकडे गेले.

भात सडणे गिरणी आल्यावर संपलेच होते. उखळाचे काम उरले ते लग्नापुरते. आमच्या भावकीत कोणाचेही लग्न निघो, पहिली हळद ह्याच उखळात कुटायची. मुसळाला आंब्याची पाने बांधून पाच सवाष्णी येतात आणि पहिला घाव घरातली मोठी सवाष्ण घालते. माझा नवरा होता तोवर तो घाव माझा होता. तो गेला आणि मुसळाला हात लावायचे बंद झाले. तेव्हापासून पहिला घाव जाऊ घालते. तिचा नवरा अजून आहे. गुडघे धरून खाटेवर बसलेला असतो, पण आहे. मी भिंतीला टेकून बघते. एक मात्र होते. घाव कोणीही घालो, हळद कुटायला सगळ्यांना माझ्या दारात यावे लागे, माझ्या ओटीवर बसावे लागे आणि माझ्या हातचा चहा प्यावा लागे. तेवढे मी घट्ट धरून होते.

जावेच्या मुलाचे पाण्याचे टँकर आहेत. आमच्याकडे वाड्या तोडून इमारती उठल्या, त्यामुळे टँकर दिवसभर पळत असतात. तिच्याकडे आधी एसी आला. त्याचे मला काही वाटले नाही, मला थंडी वाजते. मग सोफा आला. त्याचेही नाही, मी खाली बसणारी बाई. पण लादी आली आणि मी आतून जळाले. पांढरी, एकेक दोन फूट बाय चार फूट, त्यात राखाडी शिरा, आणि एका लादीतली शीर बरोबर पुढच्या लादीत जाऊन मिळते. जसा काही एकच दगड अख्ख्या घराला पुरला. खिडकी उघडली की उजेड जमिनीवर पडून वर छताला लागायचा. माझ्याकडे गेरू घालून घोटलेला लाल कोबा, नवऱ्याने गडी लावून केलेला. जिकडेतिकडे तडे आणि तड्यांत मुंग्या.

मी कढीपत्ता मागायच्या निमित्ताने बघायला गेले होते. माझ्या अंगणात कढीपत्त्याचे झाड आहे हे तिला माहीत आहे. ती "चपला बाहेर काढ हां, बाय," एवढे म्हणाली. इतक्या वर्षांत मी तिच्या घरात एकदाही चपला घालून गेलेली नाही. मी आत जाऊन पायाच्या अंगठ्याने लादी चाचपली. गार, आणि एकाही जोडात नख अडकेना.

"घसरायला होत नाही का?" मी विचारले.

"नवीन मानसाला होतं," ती म्हणाली.

येताना तिच्या मागच्या दारी तुटक्या लाद्यांची गोणी होती. त्यातला हाताएवढा तुकडा मी पदराखाली घातला. चोरी म्हणायची तर म्हणा.

संध्याकाळी मुलाला सांगितले, लादी बदलायची. तो म्हणाला, दिवाळीनंतर बघू. मी म्हणाले, दिवाळीच्या आधी. तुळशीच्या लग्नानंतर जावेच्या नातीचे लग्न ठरले होते. हळद कुटायला भावकी माझ्या ओटीवर येणार आणि तिथून उठून जेवायला तिच्या घरात जाणार. एकाच दिवशी लोक दोन जमिनी बघणार. हे मुलाला सांगितले नाही. कोबा पायाला टोचतो एवढेच सांगितले.

जावेकडे ज्याने काम केले तो कॉन्ट्रॅक्टर नको, असे मी बजावले. त्याने तिथे जाऊन माझे बोलणे सांगितले असते. पहिला जो आला तो दारात उभा राहून मोबाईलवर बोलता बोलता "हो जाएगा" म्हणाला. त्याला मी दारातूनच घालवला. दुसरा मनवेलपाड्याचा, तिशीतला. त्याने आल्यावर चपला काढल्या, खिशातून काचेची गोटी काढून जमिनीवर ठेवली. गोटी घरंगळत थेट स्वयंपाकघरात गेली.

"आजी, उतार उलटा आहे तुमचा," तो म्हणाला. "बाहेर पाणी सांडलं की आत येत असेल."

येत होते. सगळा संसार मी ते पुसण्यात काढला, आणि मला वाटायचे घरच असे आहे. त्याला मी ठेवला.

मग तो, मुलगा आणि मी हायवेवरच्या दुकानात गेलो. तिथे लाद्या दारांसारख्या उभ्या लावलेल्या, एकामागून एक ओढून बघायच्या. दुकानदाराने विचारले, चमकणारी पाहिजे की मॅट. मी पिशवीतून तो तुकडा काढून त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, ह्याच्यापेक्षा चांगली दाखव. त्याने तुकडा उलटा केला, कड डोळ्याजवळ नेऊन बघितली आणि म्हणाला की हा सेकंडचा माल आहे, कड जरा वाकलेली आहे, फर्स्टमध्ये असे येत नाही. मला इतके बरे वाटले की बाहेर आल्यावर मी दोघांना उसाचा रस पाजला. मुलाला कळेना आई एवढी खूश कशाने. परत येताना रिक्षात कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, दुसऱ्या दुकानाच्या मालाला सगळेच दुकानदार सेकंड म्हणतात. मी बाहेर बघत बसले. ऐकू आले नाही असे दाखवले.

मी मलईच्या रंगाची घेतली, सोनेरी शिरांची. मुलाचे म्हणणे मॅट घ्यावी, म्हातारी माणसे घसरतात. घरात म्हातारी मी एकटीच. मी म्हणाले, घसरले तर घसरले, पण चमकली पाहिजे.

कोबा फोडायला तीन दिवस लागले. आतल्या खोल्या उरकून माणसे ओटीवर आली आणि उखळापाशी थांबली. कॉन्ट्रॅक्टरने मला बोलावले. त्याचे म्हणणे, उखळ ठेवायचे तर भोवती लादी गोल कापावी लागेल, पण मग ऐन मधे खड्डा दिसेल आणि शिरा तुटतील. सोनेरी शिरांसाठीच तर मी ती लादी घेतली होती. मुलगा म्हणाला, खणून काढू, अंगणात ठेवू, त्यात पाणी घालून कमळ लावू. हल्ली तसे लावतात म्हणे.

आमची मधली भिंत एका विटेची आहे. इकडे खोकले तरी तिकडे कळते. जाऊ लगेच आली, तशीच अनवाणी, फुटक्या कोब्यावरून पाय टाकत.

"काढनार असशील तर मला दे, बाय," ती म्हणाली. "मुसळ माझ्याकडंच आहे. माझ्या ओट्यावर बसवून घेते. नातीच्या लग्नाला तिथंच कुटू. तुला पन त्रास नाही, तुझी लादी पन चांगली राहील."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी उलट बोलून मोकळी झाले असते. मला दिसले ते असे: तिच्या पांढऱ्या जमिनीजवळ माझे उखळ, भोवती पाच सवाष्णी, घाव तिचा, चहा तिचा. आणि मी पाहुणी, चपला बाहेर काढून आलेली.

"मी काढत नाही," मी म्हणाले.

"मग काय करतेस?"

"बुजवते."

मुलगा माझ्या तोंडाकडे बघायला लागला. जाऊ खाली उखळाकडे बघत होती. ती म्हणाली, "सासू ह्याच्यात भात सडायची."

"मीही सडलाय," मी म्हणाले. "तू आलीस तेव्हा गिरणी आली होती."

ती गेली. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, आत काँक्रीट भरतो, नाहीतर पोकळ राहील आणि वरची लादी एक दिवस फुटेल. मी त्याला रेती भरायला सांगितले. रेती हळूहळू खाली बसते, असे त्याने मला दोनदा समजावले. मी म्हणाले, बसू दे. दगडाच्या तोंडात काँक्रीट ओतलेले मला बघवले नसते, एवढेच. त्याने रेती भरली, वर सिमेंटचा थर दिला, लादी ठेवून रबरी हातोड्याने ठोकली. बाकी सगळीकडे आवाज बद्द येत होता, त्या एका जागी वेगळा आला. तो माझ्याकडे वळला तेव्हा मी चहा ठेवायला आत गेले.

काम त्याने चांगले केले, नाव ठेवायला जागा नाही. गोटी ठेवली तर जागेवर राहते. दोन लाद्या जादा उरल्या, त्या त्याने पलंगाखाली ठेवायला लावल्या. सकाळचे ऊन ओटीवर आले की सोनेरी शिरा दारापासून आतपर्यंत चमकतात. मी पहिले आठ दिवस उगाच आतबाहेर करत होते.

जावेला बघायला मी बोलावले नाही. ती आपणहून आली. दारात उभी राहून "छान," म्हणाली. मी थांबले, पुढे काही येईल म्हणून. तिच्या तोंडावर मला ते बघायचे होते जे माझ्या तोंडावर आले होते, निदान त्याच्या निम्मे तरी. आले नाही. ती आत आली, आणि ओटीच्या मधल्या लादीवर पाय न ठेवता वळसा घालून गेली, जसे उखळाचे तोंड तिथे अजून उघडेच आहे. नंतरही जेव्हा आली तेव्हा तिने तसेच केले. एवढ्या मोठ्या, गुळगुळीत जमिनीवर माझे लक्ष मग त्याच जागी जायला लागले. शिवाय माझ्या लादीवर ओला पाय उमटतो. तिच्या पांढरीवर उमटत नाही. मी दिवसातून चार वेळा पुसते, ती एकदा.

लग्न जवळ आले. हळद कुठे कुटणार हे मला कोणी विचारले नाही आणि मीही विचारले नाही. सुनेने बातमी आणली की बाजारातून तयार हळद आणणार आहेत. म्हणजे माझ्याकडे नाही आणि तिच्याकडेही नाही. मला बरे वाटायला पाहिजे होते. हळदीच्या सकाळी मी लवकर अंघोळ केली, ठेवणीतली साडी नेसले आणि दूध दोन पिशव्या जास्त घ्यायला लावले. सून म्हणाली, कोण येणार आहे. मी म्हणाले, असू दे, विरजण लावू.

दहाच्या सुमाराला बाहेर बायकांचे बोलणे ऐकू आले. जाऊ पुढे होती. खांद्यावर मुसळ, मुसळाला आंब्याची पाने. मागे चार सवाष्णी आणि लग्नाचे धवले गाणारी म्हातारी. दरवर्षी कोणा ना कोणाच्या लग्नाला येतात तशाच त्या आल्या, काहीच झाले नाही असे. जावेने दारात मुसळ पायावर टेकवून उभे केले, लादीवर नाही.

"कुठं आहे ते दाखव, बाय," ती म्हणाली.

"तुला माहीत आहे. रोज वळसा घालतेस."

बायका हसल्या. ती हसली नाही.

"तयार हळद आणलीय. लागेल तेवढी आहे," ती म्हणाली. "पन पहिली हळद इथंच व्हायची. माझ्या घरात मी नाही कुटनार. तू म्हनशील तर लादीवर परात ठेवून मुसळाला नुसते हात लावू. नको म्हनालीस तर परत जातो."

तिला तेव्हा उखळ स्वतःकडे न्यायचे होते की माझ्या हातून वाचवायचे होते, ते मला आजही माहीत नाही. मी विचारले नाही, आणि ती सांगणारी नाही. मी ओटीच्या मधे उभी होते. पायाखालची लादी गार होती. ती लादी मी ह्याच बायकांनी बघावी म्हणून घातली होती, आणि त्या सगळ्या जणी लादीकडे सोडून माझ्याकडे बघत होत्या. परात ठेवून हात लावण्याचा खेळ मला नको होता. त्या परत गेल्या असत्या, तर पुन्हा कधी आल्या नसत्या.

"फोडू या," मी म्हणाले.

सून आतून धावत आली. मी तिला परत आत पाठवली. मुलगा कामावर होता ते बरे झाले.

जावेने मुसळ उचलले, दोन्ही हातांनी धरले, आणि मग थांबली. वळून तिने ते माझ्यापुढे धरले. मागून एक सवाष्ण हळूच म्हणाली की हिच्या हातून कसे चालेल.

"हळद कुटताना नाही चालत," जाऊ म्हणाली. "ही अजून लादी आहे. लादी तिची, तीच फोडनार."

धवले गाणाऱ्या म्हातारीने मान दुसरीकडे वळवली, म्हणजे तिने परवानगी दिली.

मी मुसळ धरले. मला आठवत होते त्यापेक्षा ते जड होते. टोकाचे लोखंडी कडे नवीन होते. तिने ते कधीतरी बदलून घेतले होते आणि मला सांगितले नव्हते. तेवढ्यातही मला त्याचा राग आला. पहिल्या घावाला नुसता पांढरा डाग उठला. दुसऱ्याला आवाज आला, आणि ती सोनेरी शीर उखळापासून थेट लादीच्या कडेपर्यंत तडकत गेली. पुढचे किती घातले ते मी मोजले नाही. पहिला माझा होता, तेवढा मोजला. सिमेंटचा थर फुटला तेव्हा हात भरून आले होते, पण मी कोणाकडे मुसळ दिले नाही.

बायकांनी तुकडे वेचले, वाट्यांनी रेती उपसली. उखळ तीन वेळा धुतले. मग जावेने हळकुंडे टाकली, माझ्याकडून मुसळ घेतले आणि सवाष्णीचा पहिला घाव घातला. म्हातारीने धवला सुरू केला. मी भिंतीला टेकून बघितले आणि मग चहा टाकायला गेले. दूध पुरले.

संध्याकाळी मुलाने जमीन बघितली आणि डोक्याला हात लावून पायरीवर बसला. आठवड्याने कॉन्ट्रॅक्टर आला. पलंगाखालच्या जादा लाद्या काढून त्याने कटरने गोल काप घेतला आणि उखळाभोवती बसवल्या. "फुटेल, मी तेव्हाच म्हणत होतो, आजी," असे तो एकदाच म्हणाला. कापाच्या एका बाजूला टवका उडाला आहे. शिरा जुळत नाहीत. नवीन माणूस आले की विचारते, एवढ्या चांगल्या लादीत हे काय ठेवले आहे.

हळदीच्या दिवशी निघताना मुसळ माझ्याच दाराआड राहून गेले होते. म्हणजे बायका घाईत विसरल्या आणि मी आठवण केली नाही. लग्न झाले, नात सासरी गेली, पाहुणे गेले. मग जाऊ ते मागायला आली. आत येताना ह्या वेळी वळसा घालावाच लागतो, तसा तिने घातला. उडालेल्या टवक्याकडे वाकून बघितले.

"लादी चांगली होती हां, बाय," ती म्हणाली. "माझ्याहून चांगली होती."

हे तिने दिवाळीच्या आधी म्हटले असते तर मी तिला जेवू घातले असते. मी दाराआडचे मुसळ काढून दिले. नुसते लाकूड ठेवून मी काय करणार होते? आणि पुढच्या लग्नाला तिला ते घेऊन माझ्याच दारात यायचे आहे.

ती मुसळ खांद्यावर घेऊन गेली. मी दारातून बघत होते. आत नेताना तिचा हात सटकावा, त्या नव्या लोखंडी कड्याचा एखादा ओरखडा तिच्या पांढऱ्या जमिनीवर उठावा, असे मला वाटले. दुसऱ्या दिवशी मी कढीपत्ता मागायला गेले आणि दारापासून कोपऱ्यापर्यंत नीट बघून आले. उठला नव्हता.